ओळ संपली की एंटर

मला लिहिता येत न्हाई, टाइप करता येतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजी मागून कोणी फसवलं म्हणायला नको. पेन हातात धरला का माझं अक्षर चिखलातून कोंबडी गेल्यावानी उमटतं. ब्यांकेतली बाई दर बारीला म्हणती, "मामा, मागच्या येळेस सही वेगळी व्हती." मी म्हणतो, "बाई, मागच्या येळेस माणूसबी वेगळा व्हता, तवा दात व्हते." पण कीबोर्डावर बसवा. मिन्टाला चाळीस शब्द. अर्थ कळो न कळो, चाळीस. म्हणून दिवाळी अंकवाल्या पोरानं तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणलं तवा मी त्याला सांगितलं, लिहित न्हाई, बडवून देतो.

शाळा माझी चौथीपर्यंत. त्यातबी चौथी दोनदा. गुरुजीनं बापाला सांगितलं, ह्याला बैलामागं लावा. बापानं लावलं. वर्षभरात बैलायनंबी मला नापास केलं. मग गावातल्या एका सोयऱ्यानं सेनगावला आणून सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमंदी ठेवलं. काम म्हंजी झाडू मारायचा, माठ भरायचा अन् बारा मशिनी पुसायच्या. पत्र्याची खोली, बारा टेबलं, अन् सकाळी सातपासून पत्र्यावर गारा पडल्यावानी आवाज.

मशीन पुसताना प्रत्येक बटनावरून फडकं फिरवावं लागतं. एक एक बटन. दोन वर्षं पुसल्यावर कोणतं अक्षर कुठं हाय हे मला डोळे झाकून ठाव झालं. अक्षरं मी शाळेत न्हाई, फडक्यानं शिकलो. एकदा दुपारी कोणी नसताना बसलो अन् बडवू लागलो. सर मागं येऊन कधी उभे राहिले कळलंच न्हाई. मला वाटलं आता कानाखाली बसती. तर ते म्हणले, "गणपत, करंगळी काहून उचलून राहिलास? तिलाबी कामाला लाव." तवापासून मी अर्धा शिपाई अन् अर्धा मास्तर. पगार मात्र पुरा शिपायाचाच.

ज्याला ठाव न्हाई त्याच्यासाठी सांगतो, टायपिंग म्हंजी बोटायची वाटणी. भाऊबंदकीत रान वाटतात तसं. प्रत्येक बोटाला त्याचा तुकडा, दुसऱ्याच्या तुकड्यात पाय टाकायचा न्हाई. अंगठ्याला निस्ती मधली जागा, शब्दामधली. सगळ्यात हाल करंगळीचे. बोट सगळ्यात बारकं अन् तिच्या वाट्याला बांधावरचं रान. पोरगं नवीन आलं का ते दोन बोटायनं कोंबड्यावानी टिपतं अन् खाली बटनाकडं बघतं. मग मी त्याच्या हातावर माझी दस्ती टाकायचो. दस्ती म्हंजी आमच्याकडचा खांद्यावरचा रुमाल. हात झाकले का बघणं बंद. आठ दिवस शिव्या देतं, नवव्या दिवशी बोटं आपली आपण चालतात.

कुरुंद्याकडची पोरं यायची हळदीच्या हंगामात. दिवसभर हळदीच्या कामावर अन् संध्याकाळी क्लासला. हात कितीबी धुवा, पिवळं जातंय व्हय? बटनावर पिवळे ठसे उमटायचे. सर वैतागायचे, पण मला लई सोपं जायचं. ज्या बटनावर ठसा न्हाई ते बोट कामचुकार. पोरगं घरी गेल्यावर मी मशीन बघून सांगायचो, ह्याचं उजवं तिसरं बोट झोपून राहिलंय. पोरायला वाटायचं मामाला काही विद्या हाय. मीबी न्हाई म्हणलो न्हाई.

मग कॉम्प्युटर आले. सरांनी सहा घेतले. मला म्हणले, "गणपत, ह्यायची काळजी घे." मी घेतली. दर सोमवारी टाइपरायटरला तेल देत व्हतो, तसं सहाच्या सहा कीबोर्डात मशीन तेलाच्या दोन दोन पिचकाऱ्या सोडल्या. वरून फडक्यानं पुसले. असे चमकले म्हणता! मंगळवारी एकबी बटन उठंना, चिखलात रुतलेल्या बैलावानी. दुरुस्तीवाला हिंगोलीहून आला, कीबोर्ड उलटा केला, तेलाची धार बघितली अन् सरांना इचारलं, "ह्याच्यात भजे तळले का?" सरांनी निस्ते पैसे मोजून दिले. ते तसे लई सोसणारे माणूस व्हते. माझ्याबरोबर तीस वर्षं काढली, ह्याच्यातच काय ते समजून घ्या.

तेलाचा किस्सा मी सगळ्यायला सांगतो. लोक हसतात. पण त्याच्या पाठोपाठ मी आणखी एक गोष्ट केली, ती कोणाला सांगत नव्हतो. ती आज सांगतो.

टाइपरायटरवर ओळ संपत आली का घंटी वाजायची. टिंग. घंटी वाजली का हातातला शब्द पुरा करायचा, डाव्या हातानं दांडा ढकलायचा, कागद वर सरकतो अन् कागदाचा गाडा परत पहिल्या जागी. म्हंजी नवीन ओळ. घंटी ऐकली न्हाई तर अक्षरावर अक्षर चढून शेवटी काळा डाग व्हायचा. तीस वर्षं ती घंटी माझ्या कानात. कॉम्प्युटरवर घंटीच न्हाई. मला वाटलं कंपनीवाले इसरले. मी दांडा शोधला, तोबी न्हाई. मग एका पोरानं दाखवलं, एंटर दाबलं का खालच्या ओळीवर जातं. मी म्हणलं, हाच आपला दांडा. राहिली घंटी. तर मी दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे सहा तुकडे कापले अन् प्रत्येक स्क्रीनवर उजव्या बाजूला, कडेपासून दोन बोटं अलीकडं, उभे चिकटवले. पट्टीपाशी आलं का एंटर. ओळ संपली की एंटर. अक्कल वापरल्याचा मला एवढा अभिमान वाटला का घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणली, "मला काय कळतंय त्यातलं. पण तुमी केलं म्हंजी काहीतरी बिघडलं असंल."

सकाळची ब्याच सर घ्यायचे. ते कॉम्प्युटरवर शिकवायचे बराबर. पट्ट्या बघून त्यायला वाटलं, गणपतनं काच तडकवली असंल, म्हणून इचारलं न्हाई. पण मग सरांचे गुडघे गेले, जिना चढणं बंद झालं, अन् संध्याकाळची ब्याच माझ्याकडं आली. तिथं मीच मास्तर, मीच शिपाई.

त्या ब्याचला यमुना राठोड आली. सेनगावपासून जीपनं अर्ध्या तासावर त्यायचा तांडा. तिचा नवरा तालुक्याच्या एका ऑफिसात कारकून व्हता, मोटरसायकलवरून येताना गेला. पदरात एक पोरगी. बाई बारावी पास, म्हणून त्याच्या जागेवर तिला घेतलं. पण अट व्हती: दोन वर्षाच्या आत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, मिन्टाला तीस शब्दाची. न्हाई झाली तर नोकरी गेली. परीक्षा सहा महिन्यातून एकदा, अन् पहिली तर ती शिकायला यायच्या आधीच निघून गेली. ऑफिसात दिवसभर तिला फाइली बांधायला, टपाल फोडायला लावायचे. घरी कॉम्प्युटर न्हाई. म्हंजी टायपिंगचं जे काय ते माझ्याकडचं एक तास.

शिकवायला अशी बाई मिळणं नशीब. मी पाठ ताठ ठेवा म्हणलं का ताठ. करंगळी वापरा म्हणलं का करंगळी सुजेपर्यंत वापरायची. पट्टीपाशी एंटर म्हणलं का एकदाबी चुकायची न्हाई. मी बाकीच्या पोरायला म्हणायचो, बघा, असं शिकावं.

पहिल्या बारी नापास झाली. मी म्हणलं, व्हतं, घाबरून जातं माणूस. दुसऱ्या बारीबी नापास. तवा मात्र मला कळंना. बोटं तर चालून राहिली. मी तिला सांगितलं, "बाई, मन लावत न्हाई तुमी." ती खाली मान घालून बसली. हे वाक्य मी आजबी परत घ्यायला तयार हाय, पण तसं बटन अजून मला सापडलं न्हाई.

आता एकच बारी राहिली व्हती. मुदतीच्या आतली शेवटची.

एक दिवस ती ऑफिसातून एक कागद घेऊन आली. मोठ्या बाबूनं पहिल्यांदाच तिला पत्र टाइप करायला दिलं व्हतं. तिनं केलं. सायबाला बारीक दिसत न्हाई म्हणून बाबूनं अक्षर मोठं केलं, अन् सगळं पत्र मोडलं. एक ओळ भरलेली, तिच्या खाली दोनच शब्द, परत भरलेली, परत दोन शब्द. पुरं पान असं. बाबूनं सगळ्यायसमोर इचारलं, "बाई, हे पत्र हाय का कविता?" ऑफिस हसलं.

"मामा, हे असं काहून झालं?" तिनं मला इचारलं.

मी कागद घेतला. बघितला. मला काहीबी कळलं न्हाई. अन् काही कळलं न्हाई का मी जे करतो तेच केलं, दडपून बोललो. "व्हायरस हाय त्यायच्या कॉम्प्युटरमंदी," म्हणलं. तिचा इश्वास बसला. तिचा माझ्या सगळ्याच बोलण्यावर बसायचा, तीच तर तकलीफ.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन स्वतः एक पान टाइप केलं अन् अक्षर मोठं केलं. कविता. दुसऱ्या कॉम्प्युटरवर केलं. कविता. साहीच्या साही कॉम्प्युटर कवी निघाले. मग तो कागद घेऊन सरांच्या घरी गेलो. सर पलंगावर गुडघ्याला तेल लावून बसलेले. कागद बघून म्हणले, "प्रत्येक ओळीला एंटर कोणी मारलं?"

मी म्हणलं, "ओळ संपली की मारायचंच ना सर."

"कोणी सांगितलं तुला?"

"मशीननं."

सर हसायला लागले. डोळ्यातून पाणी येऊस्तोवर हसले. म्हणले, अरे कॉम्प्युटर ओळ आपली आपण मोडतो, त्याला सांगावं लागत न्हाई. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. अधीमधी एंटर मारलं तर अक्षर लहान-मोठं करा, समास बदला, सगळं विस्कटणार. अन् परीक्षेत तपासणाराबी कॉम्प्युटरच, नको तिथं एंटर म्हंजी चूक मोजतो. मग हसता हसता ते थांबले. म्हणले, "गणपत, किती जणाला शिकवलंस असं?"

मी मोजत मोजत घरी आलो. हिशोब लागंना. फोनमंदी जेवढे नंबर व्हते तेवढ्या जुन्या पोरायला फोन लावले अन् सांगितलं, बाबा, मी चुकीचं शिकवलं, एंटर मारू नको. एक जण कोर्टात टायपिस्ट हाय, एक झेडपीत, एकाचं जवळा बाजारला झेरॉक्सचं दुकान. तिघंबी एकच बोलले, "ठाव हाय मामा. पहिल्याच महिन्यात कळलं."

"मग मला काहून न्हाई सांगितलं रे?"

झेरॉक्सवाला म्हणला, "तुमाला वाईट वाटलं असतं. एवढी पट्टीबिट्टी चिकटवली व्हती."

म्हंजी सगळ्यायनं मला सांभाळून घेतलं अन् गुपचूप आपलं आपण सुधारलं. कोणाकडं घरी कॉम्प्युटर व्हता, कोणाचा दोस्त व्हता. ज्यायनं माझं ऐकलं न्हाई ते पास झाले. जिनं माझ्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला ती दोनदा नापास झाली, अन् वरून मन लावत न्हाई म्हणून माझं ऐकून घेतलं.

संध्याकाळी ती आली तवा मी ब्लेड घेऊन स्क्रीनवरच्या पट्ट्या खरवडत व्हतो. मी तिला बसायबी सांगितलं न्हाई. उभ्या उभ्याच बोललो. "बाई, व्हायरस मी हाय." मग सगळं सांगितलं. घंटी, दांडा, पट्टी, सगळं. माझ्या मनात, आता ही रडती, न्हाई तर पायातलं काढती. दोन्हीची मी तयारी ठेवली व्हती.

ती बेंचावर बसली. मग म्हणली, "मामा, दोनदा नापास झाले तवा मला वाटलं माझं डोकंच न्हाई ह्या कामाचं. सासूबी तेच म्हणली, नवऱ्याची खुर्ची बायकोला पेलत न्हाई. चूक तुमची निघाली, हे ऐकून लई बरं वाटलं बघा."

माझ्या चुकीनं कोणाला एवढं बरं वाटल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

परीक्षेला दीड महिना. आता एंटर सोडायचं. तुमी म्हणाल त्यात काय, न्हाई दाबायचं. करून बघा. दीड वर्षं घोटलेली सवय हाय. ओळ कडेला आली का तिची करंगळी आपली आपण जाऊन एंटरवर पडायची, अन् मग ती जीभ चावायची. मी एंटरच्या बटनावर काटा बांधू का म्हणलं. ती म्हणली, "बांधा, पण मग परीक्षेच्या कॉम्प्युटरवरबी बांधून या." शिकवणं सोपं, शिकवलेलं काढणं म्हंजी गवतातली हरळी. वरून दिसत न्हाई, खाली गाव वसवलेलं.

पंधरा दिवस गेले, काही जमंना. एकदा वैतागून मी म्हणलं, तुमची नजर काहून सारखी स्क्रीनच्या कडेला जाती? कागदावर ठेवा ना. ती म्हणली, कडेकडं बघायला तुमीच शिकवलं. हे बराबर व्हतं. मग तीच आपल्याशीच बोलल्यावानी म्हणली, "कापूस वेचताना आमी हाताकडं बघत न्हाई. पोत्यात किती भरला तेबी बघत न्हाई. डोळे म्होरच्या बोंडावर. हात मागचं बोंड आपला काढतो."

मी तिला ते परत सांगायला लावलं. चांगल्या टायपिस्टचं गुपित हेच हाय, सर आमाला वर्षानुवर्षं सांगायचे: बोटं ह्या शब्दावर, डोळे फुडच्या शब्दावर. अन् ही बाई ते लहानपणापासून रानात करून राहिली, मी मात्र तिला दीड वर्ष पोतं बघायला शिकवून राहिलो.

मी खांद्यावरची दस्ती काढली अन् स्क्रीनवर टाकली. हातावर न्हाई, स्क्रीनवर. ओळ कुठं संपती हेच दिसलं न्हाई तर एंटर मारणार कुठं? म्हणलं, "कापूस वेचा."

पहिल्या दिवशी दस्ती उचलली तर पानभर कचरा. चौथ्या दिवशी एक परिच्छेद सबंध निघाला, एकबी एंटर न्हाई. वर डोळे जात नव्हते म्हणून स्पीडबी वाढला. एंटर सोडायच्या नादात सव्वीसवर आला व्हता, अठ्ठावीस झाला, मग तीस, मग बत्तीस. बाकीची पोरं इचारू लागली, मामा, स्क्रीन झाकून शिकवायची ही कोणती नवी पद्धत? मी म्हणलं, पद्धत बाईची हाय, दस्ती निस्ती माझी.

परीक्षेला हिंगोलीला मीबी जीपनं संगं गेलो. काही काम नव्हतं. बाहेर झाडाखाली बसून मीच घामाघूम झालो. वॉचमन म्हणला, "काका, तुमची लेक हाय का?" मी म्हणलं, न्हाई, माझी चूक हाय, आत बसून राहिली. तो लांब जाऊन उभा राहिला. ती बाहेर आली तवा मी इचारलं, एंटर किती मारले? तिनं तीन बोटं दाखवली. पत्राचे तीन परिच्छेद, तीन एंटर. बस.

निकाल आला. पास. सरांना सांगितलं तर ते म्हणले, शाबास, अन् मग म्हणले, तुला न्हाई, तिला.

महिनाभरानं ती परत आली, संध्याकाळच्या ब्याचच्या टायमाला. हातात एक कागद. नोकरी कायम झाल्याचा आदेश. मोठ्या बाबूनं कच्चा मजकूर तिच्याच टेबलावर आणून टाकला व्हता: ऑफिसात टायपिंग पास आता तुमीच, बाई, घ्या, तुमचा तुमी करा. तिनं तो केला, सायबाची सही झाली, अन् आता मला दाखवायला आणला.

"वाचून दाखवा," मी म्हणलं. माझं वाचणं म्हंजी जुळवणी, येळ लागतो.

ती वाचू लागली. या कार्यालयातील लिपिक... इथं थांबली. कागद माझ्याकडं सरकवला अन् एका जागी बोट ठेवलं. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाईत. तो गेला तरी न्हाई.

"ह्याच्या आधीचं ते 'कै.' हाय ना मामा," ती म्हणली, "सबंध पान दहा मिन्टात झालं. त्या एका अक्षरापाशी बोट उचलंना. पाच मिन्टं गेली. परीक्षेत आलं असतं तर नापासच झाले असते."

"मग?"

"मग डोळे फुडच्या शब्दावर नेले. ते नाव व्हतं. त्याला एक क्षणबी लागला न्हाई. कुठं बघावं लागलं न्हाई."

मी कागद उजेडात धरला अन् अक्षर अक्षर जुळवत, मोठ्यानं, ते नाव वाचलं. हरिदास लालू राठोड.

"बराबर हाय का?" तिनं इचारलं.

म्हणलं, बराबर हाय.